मूडसाठी व्यायाम करताय? वजनकाटा बाजूला ठेवा

‘महिनाभर चालतोय, एक किलोही कमी झालं नाही, म्हणून सोडून दिलं.’ ‘डिप्रेशनच्या गोळ्या थांबवून नुसता व्यायाम केला तर चालेल का?’ ‘घरात दिवसभर उभी असते, आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ मनाच्या आरोग्याविषयी लिहू लागलं की हे तीन प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा समोर येतात. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते. वजनासाठी आणि साखरेसाठी सांगितलेला व्यायाम तोच मनासाठी, आणि त्याचं मापही तेच. प्रत्यक्षात मनाला पुरणारी मात्रा बरीच कमी आहे आणि तिचा परिणाम पुष्कळदा त्याच दिवशी जाणवतो. किती कॅलरी जळल्या यापेक्षा किती जोरानं आणि कोणासोबत व्यायाम केलात, याला इथे जास्त किंमत आहे. वजन हललं नाही म्हणून चालणं सोडणाऱ्याला कदाचित त्या महिन्यात झोप बरी लागत असेल, घरच्यांवर खेकसणं कमी झालं असेल. ते त्यानं मोजलंच नाही.

किती केला म्हणजे पुरे?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. हा आकडा ऐकूनच अनेक जण बूट पुन्हा कपाटात ठेवतात. म्हणून दुसरा आकडा ऐका. १,९१,००० हून अधिक प्रौढांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. शिफारशीच्या निम्मा, म्हणजे आठवड्याला सव्वा तास झपझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांना नैराश्याचा धोका अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी आढळला. पूर्ण शिफारस पाळणाऱ्यांत तो २५ टक्क्यांनी कमी होता. याचा अर्थ, लाभाचा मोठा वाटा पहिल्या सव्वा तासातच पदरात पडतो.

अशा पाहण्यांत एक अडचण असतेच. ज्याचं मन आधीच खचलेलं आहे तो कमी हलतो, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. पण सुरुवात कुठून करायची एवढं ठरवायला हे आकडे पुरेसे आहेत: रोज दहा-बारा मिनिटं, किंवा आठवड्यातून चार वेळा वीस मिनिटं.

दहा हजार पावलांचा धसकाही सोडून द्या. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, कुठल्याही वैद्यकीय तपासणीतून नाही. २०२४ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात दिवसाला पाच हजार पावलांच्या पुढेच नैराश्याची लक्षणं कमी दिसू लागली होती. बाजारहाट आणि बसस्टॉपपर्यंतची ये-जा धरली तर यातली निम्मी पावलं तुम्ही कदाचित आजच टाकत असाल.

योग, जिम की चालणं?

हा वाद कट्ट्यावर रंगतो, पण तुमच्या निर्णयासाठी फारसा कामाचा नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२४ साली २१८ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. नैराश्यावर चालणं-जॉगिंग, योग आणि वजनं उचलण्याचे व्यायाम हे तिन्ही प्रकार उपयोगी ठरलेले दिसले. तेव्हा जो पुढच्या महिन्यातही कराल असं वाटतं तो निवडा. तक्रार काय आहे त्यानुसार थोडा फरक मात्र जरूर करावा.

*मन जड झालंय, कशातच रस नाही.* घराबाहेर पडणं हाच इथे अर्धा उपचार आहे. सकाळच्या उजेडात चाला, कारण त्या उजेडानं झोपेचं वेळापत्रकही ताळ्यावर यायला मदत होते. अंथरुणातून उठायला दुपार होत असेल तर दुपारी चाला. ‘सकाळीच केला तर व्यायाम’ असा काही नियम नाही.

*धडधड, घाबरं होणं, चिंता.* या मंडळींची एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. व्यायामात छातीचे ठोके वाढतात, दम लागतो, घाम येतो. पॅनिक अ‍ॅटॅकमध्येही नेमकं हेच होतं. त्यामुळे दोन जिने चढताच ‘आता पुन्हा तसं होणार’ अशी धास्ती बसते आणि माणूस जिना, टेकडी, गर्दी सगळंच टाळू लागतो. जितकं टाळाल तितकी धास्ती वाढते. पहिल्यांदाच छातीत दुखलं असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या. ती ठीक निघाली की मग हळूहळू, मुद्दाम ठोके वाढू द्या. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर, दुसऱ्यात थोडं झपाट्यानं, मग एक जिना. ठोके वाढतात आणि काही मिनिटांत आपोआप खाली येतात, हा अनुभव शरीराला वारंवार मिळाला की ‘धडधड म्हणजे संकट’ ही गाठ सैल होते. मानसोपचारतज्ज्ञ पॅनिकच्या उपचारात हीच युक्ती मुद्दाम वापरतात. सोबतीला माहितगार माणूस असला तर उत्तम.

*चिडचिड, डोक्यात राख.* जोराचा, थोड्या वेळाचा व्यायाम करून पाहा: दोरीच्या उड्या, जिने, सूर्यनमस्कार. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरात नेण्यासाठी खटपट केली, तेव्हा त्यात एक सोय होतीच. जागा सतरंजीएवढी लागते आणि साधन काहीच नाही.

*एकटेपणा.* एकट्यानं ट्रेडमिलवर धावण्यापेक्षा बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, नाचाचा वर्ग, हास्यक्लब. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेले हास्यक्लब आज कुठल्याही उपनगरातल्या बागेत सापडतात. त्यांची थट्टा होते, होऊ द्या. सत्तरीतल्या ज्या माणसाला दिवसभरात दुसरं कुणी नावानं हाक मारत नाही, त्याला तिथे रोज पाचदहा जण हाक मारतात.

उठवतच नाही, तेव्हा काय करायचं?

उदास माणसाला ‘आधी उत्साह येईल, मग जाईन’ असं वाटत असतं. उदासीत उत्साह आधी येत नाही. थोडं हललं की मागून थोडा येतो. त्यात मनाचा अंदाजही चुकतो: व्यायाम सुरू करण्यापूर्वी लोकांना विचारलं तर ते ‘किती बरं वाटेल’ याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी सांगतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. सुरुवातीचा नकोसेपणा डोळ्यांसमोर असतो, नंतरचा हलकेपणा नसतो. म्हणून हे करून पाहा:

- ठरवलेलं काम हास्यास्पद वाटेल इतकं लहान ठेवा. ‘फाटकापर्यंत जाऊन परत’ हेही चालेल. वाटलं तर पुढे जा, नाहीतर परत या. दोन्ही वेळा ते झालं असं धरा.
- घड्याळाची वेळ ठरवण्याऐवजी रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडून घ्या: चहा झाला की, मुलांची बस गेली की, ऑफिसातून येताना एक स्टॉप आधी उतरलं की.
- कपडे आणि चपला-बूट रात्रीच समोर काढून ठेवा.
- कुणाला तरी ‘मी खाली थांबतो’ असं सांगा. स्वतःला दिलेला शब्द आपण मोडतो, शेजाऱ्याला दिलेला सहसा मोडत नाही.
- सुरुवात सावकाश करा आणि शेवट त्याहून सावकाश. जोर हळूहळू उतरवत नेलेला व्यायाम लोकांना जास्त सुखाचा वाटतो आणि नंतरही तसाच आठवतो. शेवटच्या पाच मिनिटांत दमछाक केलीत तर उद्या मन नको म्हणेल.
- निघण्यापूर्वी आणि आल्यावर मूडला दहापैकी गुण द्या, कॅलेंडरवर लिहा. दोन आठवड्यांनी हे आकडे वाचा. वजनकाट्यापेक्षा हे कॅलेंडर तुम्हाला जास्त काही सांगेल.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. जेवढा ठरला होता तेवढाच करा.

जोर किती लावायचा?

सोपी कसोटी आहे: चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. हा मध्यम जोर. बोलणंही तुटू लागलं की बहुतेकांना व्यायाम करताना बरं वाटण्याऐवजी नकोसं वाटतं. तरण्या, सरावलेल्या माणसाला ते आवडतही असेल, पण मनासाठी नव्यानं सुरू करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. ‘एंडॉर्फिन सुटेपर्यंत पळा’ हा सल्लाही सोडून द्या. एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन धावायला लावलं, तरी धावपटूंना धावल्यानंतरची ती तरतरी आलीच, असं जर्मनीतल्या एका प्रयोगात २०२१ मध्ये दिसलं. एका रसायनाच्या मागे लागून तुमच्या हाती काही येणार नाही.

रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेत असाल तर मनगटी घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यावर विसंबू नका. गोळी तो पुरेसा वाढू देत नाही. बोलण्याची कसोटी वापरा.

घरकाम व्यायामात धरायचं का?

शरीरासाठी, थोडंफार, होय. मनासाठी बहुतेक नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात, स्वतःच्या मोकळ्या वेळात मर्जीनं केलेल्या हालचालीचा मनःस्वास्थ्याशी जसा चांगला संबंध दिसतो, तसा घरकामातल्या हालचालीचा दिसत नाही. याचं आश्चर्य वाटू नये. धुणी-भांडी करताना अंग हलतं, पण डोकं ‘पाणी जाईल, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, सासूबाईंची गोळी’ यातच असतं. आणि त्या कामाची निवड तुम्ही केलेली नसते.

भारतात २०२२ साली जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. या फरकाला आळस म्हणणाऱ्यांनी एखाद्या घरात सकाळी सहा ते साडेआठ बसून पाहावं. तेव्हा बाईंनो, घरच्यांना ‘जमलं तर जाईन’ असं सांगू नका. ‘साडेसहा ते सात मी घरात नाही, चहा तुम्ही करा’ असं सांगा. बाहेर एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर सोसायटीतल्या दोघी-तिघींना गोळा करा, साडी-सलवारीवर चाला, ट्रॅकपँटची सक्ती कुणी केलेली नाही. श्रावणातल्या मंगळागौरीसाठी झिम्मा-फुगडीचा सराव करणारे बायकांचे गट गावोगाव असतात. दम लागेपर्यंत फुगडी घालणं हा अगदी खराखुरा व्यायाम आहे, आणि त्यात हसायला मिळतं. हा सराव श्रावणापुरताच का ठेवायचा, हे मला कळलेलं नाही.

ऊन, पाऊस, जागा

विदर्भात मे महिन्यात सकाळी सातनंतर रस्त्यावर चालू नका. कोकणात-गोव्यात जूनपासून चार महिन्यांची सोय आधीच ठरवून ठेवा: गच्चीवरची पत्र्याखालची जागा, जिना, घरातले सूर्यनमस्कार. पावसाळ्यात मोडलेली सवय दिवाळीपर्यंत परत येत नाही. हिवाळ्यात शहरावर धुरकं असेल तर मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालण्यापेक्षा बाग गाठा. महापालिकेच्या बागांतली ओपन जिम फुकट आहे. फक्त वापरण्यापूर्वी यंत्राचा बोल्ट हलवून बघा. जोरदार व्यायाम झोपण्यापूर्वीच्या तासाभरात नको. रात्री जेवणानंतरची शतपावली चालेल.

गोळ्या आणि व्यायाम

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथाल यांच्या गटानं १९९९ मध्ये नैराश्य असलेल्या, पन्नाशीपुढच्या १५६ जणांचे तीन गट केले. एकाला व्यायाम, एकाला सर्ट्रालिन हे औषध, एकाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. ही बातमी मोबाइलवर ‘गोळीची गरजच नाही’ अशी फिरते. ती फिरवणारे दोन गोष्टी गाळतात. औषधवाल्यांना सुरुवातीला लवकर आराम पडला होता. आणि व्यायामाचा गट आठवड्यातून तीन वेळा देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी व्यायाम करत होता, घरी एकट्यानं नव्हे. शिवाय ही स्वतःहून व्यायामाला तयार झालेली माणसं होती. ज्याला आंघोळही जड झाली आहे, त्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही.

तेव्हा गोळी चालू असेल तर ती चालू ठेवून व्यायाम जोडा. काही महिन्यांनी बरं वाटू लागलं की गोळी कमी करण्याचा विषय डॉक्टरांकडे तुम्हीच काढा, तो तुमचा अधिकार आहे. परस्पर बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात, आणि आजार परत आला की काय हे कळेनासं होतं.

पुढीलपैकी कुणी असाल तर सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलाच:

- हृदयविकार, छातीत दुखणं, चालताना भोवळ.
- इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या: व्यायामानं साखर आणखी उतरते. खिशात साखर किंवा गूळ ठेवा.
- लिथियम: शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. उन्हात घाम गाळणं टाळा, पाणी पीत राहा.
- बायपोलर आजार: झोप कमी आणि उत्साह अचानक फार वाढला असेल, दिवसभर व्यायाम करावासा वाटत असेल, तर ते आजाराच्या तेजीचं लक्षण असू शकतं.
- बाळंतीण, विशेषतः सिझेरियन झालेली. बाळंतपणानंतरची उदासी चालण्यावर सोडून देऊ नका, तीही डॉक्टरांना सांगा.

थकवा आणि उदासी दोन्ही असतील तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला ‘रोज पाच किलोमीटर चाल’ सांगणं हा उपाय नव्हे, छळ आहे.

इथे पाय घसरतो

वर्षाची फी एकदम भरणं ही पहिली घसरण. जानेवारीत गर्दी, मार्चमध्ये शुकशुकाट, हे जिमवाल्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. महिन्याचीच फी भरा, महाग पडली तरी.

दुसरी घसरण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पावलांच्या स्पर्धेत. पहिल्या क्रमांकाची चढाओढ ज्याला मानवते त्याला मानवो. ज्याचं मन आधीच ‘मी कुठेच पुरा पडत नाही’ असं म्हणत असतं, त्याच्यासाठी ती यादी रोजचा नवा पुरावा होते. खुशाल गटातून बाहेर पडा.

तिसरी अधिक गंभीर आहे. काल पुरणपोळी खाल्ली म्हणून आज शिक्षा म्हणून दोन तास पळणं, एक दिवस चुकला की अपराधी वाटणं, दुखापत असूनही थांबता न येणं. १२ लाख अमेरिकन प्रौढांच्या २०१८ मधल्या एका पाहणीत आठवड्याला तीन ते पाच दिवस, साधारण ४५ मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं मन सर्वांत बरं होतं. दिवसाला तीन तासांच्या वर करणाऱ्यांची स्थिती पुन्हा खालावलेली दिसली. व्यायाम तुमच्या ताब्यात आहे की तुम्ही त्याच्या, हे तपासायचं असेल तर एक दिवस मुद्दाम सुट्टी घेऊन बघा. ती घेववत नसेल तर समुपदेशकाशी बोला.

घरातलं माणूस उदास असेल तर

‘जरा बाहेर पड, व्यायाम कर, सगळं ठीक होईल’ हे वाक्य हेतू चांगला असूनही टोमण्यासारखं लागतं. त्यातून ‘तुझाच आळस’ असं ऐकू येतं. त्याऐवजी ‘मी दूध आणायला निघालोय, येतेस का सोबत?’ असं विचारा. नाही म्हणाली तर ‘बरं’ म्हणा आणि उद्या परत विचारा. चालताना समजावू नका, गप्प राहिलात तरी चालतं.

व्यायामाच्या पलीकडची मदत आणि तुमचे हक्क

दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामावर परिणाम होत असेल, तर व्यायामाची वाट पाहत बसू नका. मरणाचे विचार येत असतील तर आजच्या आज बोला. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलते. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर जवळच्या रुग्णालयात जा, माणसाला एकटं सोडू नका.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार:

- सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे (कलम १८).
- तुमचा आजार आणि उपचार गोपनीय ठेवणं डॉक्टर व रुग्णालयावर बंधनकारक आहे (कलम २३). आपत्कालीन धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. साहेबांना कळेल या भीतीनं उपचार टाळू नका.
- आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं (कलम २१). पण बऱ्याच पॉलिसी फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, समुपदेशनाची फी त्यात बसत नाही. ओपीडीचा खर्च मिळतो का, हे नूतनीकरणापूर्वी लेखी विचारा.
- आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, तिला शिक्षेस पात्र मानत नाही (कलम ११५). पोलिसांच्या धास्तीनं रुग्णालयात न्यायला उशीर करू नका.

आणि जिमच्या त्या वर्षाच्या फीबद्दल: ‘एकदा भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ असं पावतीवर छापलेलं असलं म्हणजे विषय संपत नाही. कबूल केलेली सेवा मिळाली नाही, जिम बंद पडली, प्रशिक्षकच नेमला नाही, तर आधी लेखी मागणी करा, पावती आणि मेसेज जपून ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही करता येते, जिमचं मुख्य कार्यालय कुठेही असो.